रणगाड्याच्या आधीचं गाव

प्रिय मित्रा,

सप्रेम आशीर्वाद.

इस्रायलमधल्या देगानियावरचा, म्हणजे त्या पहिल्या किबुत्झवरचा (सामूहिक शेतीच्या गावावरचा) तुझा मसुदा वाचला. विषय मोठ्या तोलाचा निवडलास. पण सुरुवात तू तिथे आजही उभ्या असलेल्या सीरियन रणगाड्यापासून केलीस, ती बदल. मे 1948 मध्ये गावकऱ्यांनी तो हल्ला परतवला, तेव्हा गाव वसून सदतीस वर्षं झाली होती. ती वर्षं तू एका परिच्छेदात उरकलीस आणि खरा ऐवज तिथेच आहे.

‘सीमेवरचं गाव’ हेही जपून म्हण. 1910 मध्ये दहा पुरुष आणि दोन स्त्रिया उम्म जुनी इथे राहायला आले आणि देगानिया सुरू झालं, जॉर्डन नदी गॅलिलीच्या सरोवरातून बाहेर पडते त्या भागात. तेव्हा चहूकडे ऑटोमन अंमल होता. पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटिश-फ्रेंचांनी नकाशावर रेघा ओढल्या. गाव आधीचं, सीमा नंतरची.

मग हे लोक आले कशासाठी? शेजारच्या ‘किन्नेरेत’ नावाच्या फार्मवर 1909 मध्ये मजूर आणि व्यवस्थापक यांचं बिनसलं. ज्यूंच्या वसाहतीचं काम पाहणाऱ्या झायोनिस्ट संघटनेच्या कचेरीचे प्रमुख आर्थर रुपिन यांनी थोड्या मजुरांना व्यवस्थापकाशिवाय वर्षभर उम्म जुनीची जमीन कसू दिली. ते जमलं, आणि पुढच्या वर्षी दुसरा गट कायमचा आला. जमीन ज्यू राष्ट्रीय निधीची (ज्यू वसाहतींसाठी जमीन विकत घेणाऱ्या संस्थेची), मिळकत एकत्र, निर्णय सभेत. तू सोसायटीचं राजकारण लहानपणापासून ऐकत वाढलास, त्यामुळे अशा सभेत काय काय घडतं ते तुला समजावून सांगायला नको. जुनी इतिवृत्तं मिळाली तर आधी ती वाच. ठरावापेक्षा ठरावाआधीची बाचाबाची जास्त सांगते.

गावच्या सुरुवातीच्या सभासद मिरियम बारात्झ यांच्यावर तर सावकाश लिही. समतेच्या या गावातही बायकांच्या वाट्याला स्वयंपाक आणि धुणंच आलं होतं. मिरियमबाईंना गोठ्यातलं काम हवं होतं. पुरुषांचा विरोध होता, तरी त्या शेजारच्या अरब बायकांकडून धार काढायला शिकल्या आणि गोठ्यात उभ्या राहिल्या. 1913 मध्ये त्यांना मुलगा झाला, गावातलं पहिलं मूल. आई गोठ्यात गेली तर बाळाला कोण बघणार, हा प्रश्न आता एका घराचा राहिला नाही, साऱ्या गटाला त्याचा विचार करावा लागला. माझ्या मते देगानियाच्या इतिहासातला हा सगळ्यात मोलाचा प्रसंग आहे. तुझ्या मसुद्यात मिरियमबाईंचं नावही नाही, याचं मला वाईट वाटलं.

1915 मध्ये तिथे जन्मलेल्या आणि पुढे इस्रायलचे संरक्षणमंत्री झालेल्या मोशे दायान यांच्यावर मात्र तू दोन पानं खर्च केलीस. त्याऐवजी त्यांचे आईवडील 1921 मध्ये नहलाल या नव्या गावी का गेले ते शोध. तिथे शेत ज्याचं त्याने कसायचं, खरेदी-विक्री मात्र मिळून. सहकाराची ती दुसरी वाट होती.

आणि समख विसरू नकोस. हैफा-दमास्कस रेल्वेमार्गावरचं ते शेजारचं अरब गाव 1948 मध्ये ओस पडलं. ते तळटीपेत ढकललंस तर तुझं लेखन अर्धंच खरं राहील.

2007 मध्ये सभासदांनी मतदान करून समान वाटपाची जुनी पद्धत सोडली. त्याला ‘अंत’ म्हणण्याची घाई नको. तोही सभेतच झालेला ठराव आहे.

आधी 1909 च्या त्या भांडणाचं प्रकरण नव्याने लिही आणि पाठव. वाट पाहतो.

तुझा,
काका