ऑटो स्टार्ट-स्टॉपवाल्या गाडीत डॅशकॅम दर सिग्नलला रिस्टार्ट होतो, काय करावं?

तुम्ही लिहिलंय की सिग्नलला इंजिन आपोआप बंद होऊन परत चालू झालं की कॅमेरा पण बंद-चालू होतो. पण एक गोष्ट लिहिली नाहीये आणि सगळं उत्तर तिच्यावरच आहे, कॅमेरा नेमका कधी बंद पडतो, इंजिन थांबताना का परत चालू होताना? पुढच्या सिग्नलला कॅमेऱ्याकडे आणि सॉकेटमधल्या चार्जरच्या त्या छोट्या लाइटकडे नीट बघा. आणि एकदा स्टार्ट-स्टॉप बंद करायचं बटण दाबून गाडी चालवा, तरीही रिस्टार्ट होत असेल तर आधी केबल नाहीतर मेमरी कार्ड तपासा.

इंजिन चालू होताना बंद पडत असेल तर कारण स्टार्टर, म्हणजे इंजिन फिरवून चालू करणारी मोटर. इंजिन चालू असताना सिस्टिमवर साधारण 14 व्होल्ट असतात, थांबलं की साडेबाराच्या आसपास येतात, आणि स्टार्टर फिरतो त्या क्षणी तो शंभराच्या वर अँपिअर खेचतो त्यामुळे व्होल्टेज क्षणभर 10 च्या खालीसुद्धा जाऊ शकतं. बऱ्याच गाड्यांत म्युझिक सिस्टिम आणि स्क्रीनसाठी व्होल्टेज सांभाळणारं वेगळं युनिट असतं म्हणून गाणं तुटत नाही, पण 12 व्होल्टचं सॉकेट त्यावर असेलच असं नाही. साध्या मल्टीमीटरवर हा डिप पकडता येत नाही, आकडा बदलेपर्यंत सगळं होऊन गेलेलं असतं, मिनिमम धरून ठेवणारा मोड असेल तरच दिसतो.

इथे आधी चार्जर बदलून बघा. चांगला चार्जर 8-9 व्होल्टवर पण 5 व्होल्ट नीट देतो, हलका असेल तर तेवढ्यात मान टाकतो. दुसरं म्हणजे कॅमेऱ्यातली छोटी बॅटरी किंवा सुपरकपॅसिटर (बॅटरीऐवजी थोडी वीज साठवणारा भाग), त्याचं काम मुळात पॉवर गेल्यावर शेवटची फाइल नीट सेव्ह करण्यापुरतंच. ती बॅटरी जुनी झाली, फुगली की एवढासा खंड पण निघत नाही. काही कॅमेऱ्यांच्या मेनूत पॉवर गेल्यावर काही सेकंद थांबून बंद व्हायचं सेटिंग असतं, ते असेल तर वाढवा.

सॉकेटची पॉवरच कट होत असेल, म्हणजे चार्जरचा तो लाइटही विझत असेल, मग थांबताना असो की चालू होताना, तर चार्जर बदलून काही होणार नाही. तिथे माझं सरळ मत आहे, तीन वायरचं हार्डवायर किट बसवा, म्हणजे कॅमेऱ्याला सॉकेटऐवजी थेट गाडीच्या फ्यूजबॉक्समधून पॉवर मिळते. एक वायर कायम पॉवर असलेल्या फ्यूजवर, एक चावीबरोबर चालू होणाऱ्या फ्यूजवर, तिसरी अर्थ. पॉवर कायमच्या वायरमधून येते आणि चावीची वायर फक्त गाडी चालू आहे का पार्क केलीये एवढं सांगते. तो चावीवाला फ्यूज निवडताना मात्र कुणाला तरी ब्रेकवर पाय ठेवून बसवा आणि इंजिन आपोआप थांबलेलं असताना तिथे 12 व्होल्ट राहतात का ते मीटरने बघा, नाहीतर दर सिग्नलला कॅमेरा पार्किंग मोडमधे, म्हणजे उभ्या गाडीवर नजर ठेवायच्या मोडमधे जाईल. नुसतं व्होल्टेज बघून ठरवणाऱ्या दोन वायरच्या किटचा हाच घोळ असतो, 14 वरून साडेबारावर आलं की त्याला वाटतं गाडी पार्क झाली.

अर्थची वायर बॉडीच्या बोल्टला द्या, बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलला नको. या गाड्यांत तिथे बहुधा करंट मोजणारा सेन्सर असतो आणि थेट टर्मिनलला जोडलं की कॅमेऱ्याने खाल्लेलं करंट त्याच्या हिशोबात येत नाही. एअरबॅग, एबीएस (ब्रेकची सिस्टिम), ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) यांच्या फ्यूजना हातच लावू नका.

पार्किंग मोड रात्रभर ठेवणार असाल तर हिशोब करून ठेवा. कॅमेरा 5 वॅट घेतो धरलं तर साधारण 0.4 अँपिअर, म्हणजे 10 तासांत 4 अँपिअर-तास गेले. बॅटरी पुरेशी चार्ज नसेल तर गाडी स्टार्ट-स्टॉप स्वतःच बंद ठेवते, त्यामुळे किटचं कटऑफ, म्हणजे ज्या व्होल्टेजला किट कॅमेरा बंद करतं ते, 12.2 व्होल्टच्या खाली ठेवू नका, रोजचा प्रवास छोटा असेल तर आणखी वर.

चार्जर आणि कॅमेऱ्याच्या मधे पॉवर बँक लावायचा सल्ला पण मिळेल, नका लावू. बऱ्याच पॉवर बँका इनपुट गेलं-आलं की आउटपुट क्षणभर तोडतात म्हणजे परत तेच, आणि उन्हात तापलेल्या गाडीत लिथियम बॅटरी ठेवणं धोक्याचं आहे.

आणि वायर काचेच्या बाजूच्या पिलरमधून खाली आणताना कर्टन एअरबॅगच्या (खिडक्यांच्या वर बाजूने उघडणाऱ्या एअरबॅगच्या) मागून न्या, पुढून नाही. तो भाग उघडायची सवय नसेल तर तेवढं काम ऑटो इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या.