देवघरातली दोन बटणं आणि मुंबईतलं व्हिसा स्टॅम्पिंग

प्रश्न: आम्ही दोघं डॅलसला असतो, एच-वन-बीवर. यजमानांचे एक सहकारी नवाहो या अमेरिकेतल्या मूलनिवासी जमातीचे आहेत. त्यांच्या पुतण्यासाठी ॲरिझोनात रात्रभराची प्रार्थना होती, तिला त्यांनी यजमानांना बोलावलं. तिथे दिलेलं पेयोटी (नशा आणणारा एक लहान कॅक्टस) यजमानांनी प्रसाद म्हणून घेतलं. निघताना एका आजोबांनी त्याच कॅक्टसची दोन वाळलेली बटणं, म्हणजे बटणासारखे तुकडे, हातावर ठेवली. ती आमच्या देवघरात स्टीलच्या डबीत आहेत. डिसेंबरात मुंबईला व्हिसा स्टॅम्पिंग आहे. पुण्यात सासऱ्यांची गच्ची कॅक्टसनी भरलेली आहे, त्यांना ही दाखवायची फार इच्छा आहे. नेऊ का? आणि फॉर्मवर अमली पदार्थांच्या प्रश्नाला 'नाही' लिहिलं तर चालेल ना? धर्मस्वातंत्र्य तर इथेही आहे.

उत्तर: ताई, आधी डबीचं बोलू. ती बॅगेत जाणार नाही, कुरियरने जाणार नाही आणि कुणा येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हातीही जाणार नाही. ती बटणं दिसतात सुपारीच्या सुकलेल्या खांडासारखी, पण त्यात मेस्कलिन हे भास निर्माण करणारं द्रव्य आहे आणि आपल्या १९८५ च्या एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या यादीत मेस्कलिन नावानिशी आहे. विमानतळावर सापडली तर आयातीचा गुन्हा लागतो. वाळलेल्या कॅक्टसचा तुकडा म्हणजे मेस्कलिनच का, यावर वकील वाद घालेल, पण अटक आणि जामिनाची धावपळ झाल्यावर. शिवाय पेयोटी साइट्स या दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. म्हणजे निर्यातीचा परवाना लागतो, आणि वनस्पती म्हणून क्वारंटाइनचे नियम वेगळेच. सासऱ्यांना फोटोसुद्धा व्हॉट्सॲपवर पाठवू नका.

आता यजमानांचं. ते जिथे बसले ती खरी उपासना होती, याबद्दल मला शंका नाही. टिपीत, म्हणजे शंकूसारख्या तंबूत, मधोमध अग्नी, चंद्रकोरीसारखी मातीची वेदी, पाण्याचा ढोल, पहाटे पाणी घेऊन येणारी स्त्री, हे सगळं नेटिव्ह अमेरिकन चर्चच्या रीतीतलं आहे. या चर्चची रीतसर नोंदणी १९१८ मध्ये ओक्लाहोमात झाली, पण प्रथा त्याहून जुनी. मेक्सिकोतले विषारिका लोक याच कॅक्टससाठी सान लुइस पोतोसीतल्या विरिकुताच्या वाळवंटापर्यंत वारी करतात.

अमेरिकेतल्या मूलनिवासींना पेयोटी वापरण्याची सूट सहजी मिळाली नाही. ओरेगन राज्यात व्यसनमुक्ती केंद्रात काम करणाऱ्या दोघांची नोकरी पेयोटीमुळे गेली. बेकारी भत्त्यासाठी ते अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९९० साली हरले. त्या निकालाने देशभर इतका गदारोळ झाला की काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, १९९३ मध्ये धर्मस्वातंत्र्याचा नवा कायदा केला आणि १९९४ मध्ये पेयोटीची सूट स्वतंत्रपणे लिहून दिली. मात्र ती दिली केंद्र सरकारने मान्यता दिलेल्या जमातींच्या सदस्यांना, त्यांच्या पारंपरिक विधीपुरती. बोलावलेल्या पाहुण्याचा त्यात उल्लेख नाही. तुम्ही राहता त्या टेक्सासमध्ये तर राज्याची सूट चर्चच्या सदस्यांनाच आहे, आणि त्यातही किमान २५ टक्के मूलनिवासी रक्ताची अट आहे. ॲरिझोना उदार आहे, तिथे प्रामाणिक धार्मिक वापर हा बचाव कुठल्याही वंशाच्या माणसाला घेता येतो. पण अमेरिकेच्या केंद्राच्या कायद्यात पेयोटी पहिल्या, म्हणजे सर्वांत कडक, अनुसूचीत आहे आणि इमिग्रेशन अधिकारी पाहतात ती केंद्राची यादी.

धर्मस्वातंत्र्याचा मुद्दा निरर्थक नाही. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका ब्राझिलियन पंथाला त्यांचा आयाहुआस्का या नशा आणणाऱ्या वनस्पतींचा चहा घेऊ दिला. पण तो पंथ वर्षानुवर्षं ती उपासना करत होता. एका रात्रीच्या पाहुण्याला हे सिद्ध करणं अवघड जाईल, आणि देवघरातल्या डबीला तर कुठल्याच विधीचा आधार नाही. (महाशिवरात्रीच्या भांगेचा दाखला देण्याचा मोह होईल. देऊ नका. भांगेवर महाराष्ट्रातसुद्धा दारूबंदी कायद्याचं नियंत्रण आहेच.)

खरी धास्ती तुरुंगाची नाही. अमेरिकी इमिग्रेशन कायद्यात अमली पदार्थाच्या गुन्ह्यात शिक्षाच व्हावी लागते असं नाही, गुन्ह्याची नुसती कबुली दिली तरी माणूस प्रवेशास अपात्र ठरू शकतो. ग्रीन कार्डच्या वेळी या कलमातून जी माफी मागता येते ती ३० ग्रॅमपर्यंतच्या गांजापुरती. पेयोटीला ती नाही, मग बटणं दोन असोत की वीस.

म्हणून काय, 'नाही' लिहायचं? डीएस-१६० या व्हिसाच्या अर्जावर प्रश्न असा आहे की अमली पदार्थांसंबंधीचा कायदा कधी मोडलात का. अटक झाली का, एवढंच विचारलेलं नाही. खोटं लिहून व्हिसा घेतला आणि पुढे उघड झालं, तर फसवणुकीचं कलम लागतं आणि ते जन्मभर मागे राहतं. पण घाबरून 'हो' लिहून खाली चार ओळींची हकिगत देणं तितकंच घातक. एखादं विधान कायद्याने कबुली ठरायला गुन्ह्याची व्याख्या आधी नीट समजावून सांगावी लागते, वगैरे बारकावे आहेत. यजमानांनी जे केलं तो त्यांच्या बाबतीत गुन्हा होता की धार्मिक बचावात बसतं, हे मी तुमच्या पत्रावरून ठरवणार नाही. अर्ज भरण्याआधी टेक्सासमधला असा वकील गाठा ज्याला इमिग्रेशन आणि फौजदारी दोन्ही कळतं, किंवा दोघे वेगळे गाठा. यजमानांनी स्वतः जायचं, मित्राला सोबत न्यायचं नाही, कारण गोपनीयता वकील आणि अशील यांच्यातली असते. डबीचं काय करायचं हेही त्यालाच विचारा. परत देणं हासुद्धा कायद्याच्या भाषेत पुरवठा होऊ शकतो, त्यामुळे सहकाऱ्याकडे नेऊन देण्याची घाई नको. तुमच्या सद्भावनेने त्या माणसाचं चर्च अडचणीत यायला नको.

वेळ अपुरा वाटला तर डिसेंबरची तारीख पुढे ढकला. विमानाच्या तिकिटाचे पैसे जातील, ते जाऊ द्या.