पीडब्ल्यूएमवर मोटर नुसती गुणगुणते, फिरत नाही; वारंवारिता वाढवावी का?

आपली १२ व्होल्टची डीसी मोटर ४९० हर्ट्झच्या पीडब्ल्यूएमवर (म्हणजे पुरवठा वेगाने चालू-बंद करून मोटर नियंत्रित करण्याच्या पद्धतीवर), ड्यूटी सायकल, म्हणजे प्रत्येक आवर्तनातील चालू काळाचा वाटा, २० टक्के असताना, गुणगुणते पण फिरत नाही. म्हणून वारंवारिता वाढवावी का आणि मोटरला समांतर डायोड खरोखरच हवा का, असे आपण विचारले आहे.

मोटरचा टॉर्क प्रवाहाच्या प्रमाणात असतो आणि वेटोळ्यांच्या इंडक्टन्समुळे (प्रवाहातील बदलाला विरोध करण्याच्या गुणधर्मामुळे) हा प्रवाह क्षणात वाढत किंवा थांबत नाही. उदाहरणादाखल रोध २ ओहम आणि इंडक्टन्स २ मिलिहेन्री धरला, तर प्रवाहाचा कालांक, म्हणजे प्रवाह किती झपाट्याने बदलतो ते सांगणारा काळ, १ मिलिसेकंद येतो. ४९० हर्ट्झचे एक आवर्तन त्याच्या दुप्पट लांबीचे असल्यामुळे, अडून राहिलेल्या मोटरमधील प्रवाह दर आवर्तनात सुमारे ०.४५ ते २.३ अँपिअर असा वरखाली होतो (डायोडवरील व्होल्टेज येथे धरलेले नाही), आणि त्याच हेलकाव्यांनी मोटरचे भाग कंप पावून गुणगुण ऐकू येते.

वारंवारिता २० किलोहर्ट्झच्या वर नेली, की हा आवाज माणसाच्या कानाच्या मर्यादेबाहेर जातो आणि प्रवाह १.२ अँपिअरजवळ जवळजवळ सपाट होतो. सरासरी मात्र तीच राहते, त्यामुळे अडलेली मोटर केवळ एवढ्याने फिरू लागेल अशी अपेक्षा ठेवू नये. उलट कमी वारंवारितेचा कंप कधी कधी स्थितिक घर्षण मोडायला मदतच करतो. आरंभी क्षणभर पूर्ण व्होल्टेज देऊन मोटर फिरू लागताच ड्यूटी सायकल खाली आणणे, हा उपाय मला अधिक भरवशाचा वाटतो.

डायोडच्या बाबतीत मात्र तडजोड नको, आणि मी स्वतः तो सर्वांत आधी जोडतो. पुरवठा बंद होताच मोटरचा प्रवाह डायोडमधून वाहत राहतो; डायोड नसताना वरच्याच मोटरमधील १.२ अँपिअर प्रवाह १ मायक्रोसेकंदात तोडायचा म्हटले, तर हिशेबाने २४०० व्होल्ट निर्माण व्हायला हवेत. तितके होण्यापूर्वीच मॉस्फेटची, म्हणजे मोटर चालू-बंद करणाऱ्या ट्रान्झिस्टरची, सहनशक्ती संपते. डायोडची पट्टी धन बाजूला ठेवावी आणि तो शॉटकी या जलद प्रकारचा घ्यावा, कारण १एन४००७ सारखा मंद डायोड २० किलोहर्ट्झला वेळेत बंद होत नाही.

वारंवारिता वाढवल्यावर मॉस्फेट तापू लागला, तर त्याच्या गेटकडे, म्हणजे त्याला चालू-बंद करणाऱ्या टोकाकडे, पाहावे. मायक्रोकंट्रोलरच्या पिनमधून मिळणाऱ्या थोड्या प्रवाहाने मोठ्या मॉस्फेटचे गेट सावकाश भरते आणि तो दर आवर्तनात अर्धवट चालू अवस्थेत अधिक काळ अडकतो. तेथे गेट झटपट भरणारा स्वतंत्र गेट ड्रायव्हर बसवावा.