मोडीच्या सोन्याचा हिशेब: रिफायनरीने 90 ऐवजी 82 ग्रॅमचेच पैसे का दिले?

आपला प्रश्न असा आहे: 18 कॅरटचा छाप असलेल्या तुटक्या साखळ्या, अंगठ्या आणि फासे मिळून 120 ग्रॅम मोड आपण रिफायनरीला दिली, त्यात 90 ग्रॅम शुद्ध सोने असावे असा आपला अंदाज होता, आणि हिशेबाच्या कागदावर मात्र आटणीनंतरचे वजन 114.8 ग्रॅम, कस 738 (म्हणजे हजार भागांत 738 भाग सोने), देय प्रमाण 97 टक्के (म्हणजे निघालेल्या सोन्यापैकी इतक्याचेच पैसे) असे लिहून 82.18 ग्रॅमचेच पैसे आले. तर ही फसवणूक आहे का? दागिन्यांच्या दुरुस्तीच्या कामामुळे मी बरीच वर्षे मोड आणि कानशीचा चुरा रिफायनरीला देत आलो आहे, आणि या आकड्यांवरून मला फसवणूक दिसत नाही. मात्र आपली सारी तक्रार 97 टक्क्यांवर आहे, आणि मोठा फरक त्याच्या आधीच्या दोन आकड्यांत पडलेला आहे.

एकूण फरक 7.82 ग्रॅमचा आहे. त्यातले 3.9 ग्रॅम वजनाच्या घटीतून आले, कारण 5.2 ग्रॅम आटणीत गेले आणि आपण त्यांनाही 75 टक्के सोने मानले होते. प्रत्यक्षात हे वजन बहुतेक खडे, फाशांमधल्या पोलादी स्प्रिंगा, मळ आणि पॉलिशचे मेण यांचे असते. ते सोने कधीच नव्हते, त्यामुळे ते हरवलेही नाही. पुढचे 1.38 ग्रॅम कसातल्या फरकाचे आहेत. छाप 750 चा असला तरी जोडकामाचा डाक कमी कसाचा असू शकतो, आणि बारीक कड्यांच्या किंवा वारंवार दुरुस्त झालेल्या साखळीत तो इतका असतो की सगळे एकत्र आटवल्यावर कस काही अंशांनी खाली येतोच. उरलेले 2.54 ग्रॅम, म्हणजे जेमतेम एक तृतीयांश, हा रिफायनरीने आपल्या कामासाठी ठेवलेला वाटा आहे.

म्हणून कोणी 99 टक्के देतो असे सांगितले की मी पहिल्यांदा विचारतो, 99 टक्के कशाचे? कस कसा काढला, यावर सारे अवलंबून आहे. क्ष-किरणांचे यंत्र काही क्षणांत उत्तर देते, पण ते पृष्ठभागाचा अगदी पातळ थर वाचते. वर मुलामा असेल तर ते फसते. शिवाय दागिना तेजाबात उजळताना वरच्या थरातले तांबे निघून जाते, त्यामुळे आतल्यापेक्षा वरचा कस चढा दिसू शकतो. उलट, भट्टीच्या कसोटीत आटवलेल्या लगडीचा छोटा नमुना काटेकोर तोलून, त्यात चांदी मिसळून, शिशात गुंडाळून सच्छिद्र मुशीत तापवतात. शिसे आणि हिणकस धातू मुशीत शोषले जातात, मागे सोन्याचांदीचा मणी उरतो, त्याची पट्टी लाटून ती नायट्रिक आम्लात उकळली की चांदी विरघळते आणि उरलेले सोने पुन्हा तोलले जाते. ही पद्धत वेळखाऊ आहे, पण पैसे ठरवायचे असतील तर मी तिच्यावरच विश्वास ठेवतो, आणि नमुना आटणीनंतर पूर्ण ढवळलेल्या रसातून घेतला की लगडीच्या दोन्ही बाजूंना छिद्रे पाडून, हेही विचारून घेतो.

भाव मोजताना एक गल्लत फार जणांची होते. जागतिक बाजारात सोन्याचा भाव ट्रॉय औंसाला सांगतात, आणि तो औंस 31.1035 ग्रॅमचा असतो. नेहमीच्या वापरातला औंस 28.35 ग्रॅमचा. भावाला चुकून 28.35 ने भागले तर प्रतिग्रॅम भाव जवळपास दहा टक्के जास्त निघतो आणि रिफायनरीने तेवढे खाल्ले असे वाटू लागते. त्याचबरोबर भाव कोणत्या क्षणाचा धरला, माल पोहोचल्याचा की कसोटीचा निकाल आल्याचा, हेही कागदावर लिहिलेले असायला हवे. लंडनचा भाव दिवसातून दोनदा ठरतो, त्यामुळे नुसती तारीख पुरेशी नाही.

आपल्या कागदावर मला एक गोष्ट खटकते: चांदीचा उल्लेखच नाही. 18 कॅरटच्या पिवळ्या सोन्यात चांदी बऱ्यापैकी असते, आणि पांढरे सोने असेल तर पॅलेडियमही असू शकते. लहान मालावर अनेक ठिकाणी या धातूंचे पैसे देत नाहीत आणि तसे आधी सांगितले असेल तर ते गैर नाही. पण ते विचारून ठेवावे. आटणीचे आणि कसोटीचे ठरावीक शुल्क असेल, तर ते लहान मालाला जड जाते, म्हणून मी चुरा आणि तुकडे साठवून एकदमच देतो. चुरा मात्र साखळ्यांपासून वेगळा ठेवतो, कारण त्यातली घट खूप मोठी असते आणि एकत्र दिल्यास कशात किती गेले ते कळत नाही.

अजूनही शंका असेल, तर रिफायनरीकडे आटणीपूर्वीचे व नंतरचे वजन, कसोटीची पद्धत आणि भावाची वेळ लेखी मागा. त्यांनी नमुन्याचा अर्धा भाग राखून ठेवला असेल, तर तो तिसऱ्या, स्वतंत्र कसोटीगृहाकडे पाठवण्याची विनंती करा. पुढच्या वेळी माल देण्यापूर्वी खडे आणि स्प्रिंगा स्वतः काढा, चुंबक फिरवा आणि मगच वजन करा.