पाळक जवळ नाहीत, म्हणून घरची प्रार्थना का थांबावी?

प्रश्न : ताई, सलाम. परदेशात आल्यापासून मराठी मंडळी (चर्च) नाही, पाळकसाहेब (पास्टर) नाहीत. कौटुंबिक प्रार्थना बंदच पडली आहे. मी विषय काढला की हे म्हणतात, "ते पाळकांचं काम, आपल्याला कुठे जमतंय?" मुलगा चौदा वर्षांचा आहे, शाळेत एकटा पडतो. "तू राजाधिराजाचा मुलगा आहेस" असं मी त्याला सांगते, पण त्याला ते पटत नाही. काय करू?

उत्तर : सलाम, बहिणी. आज रात्री तिघं मिळून बायबलमधलं, येशूचा शिष्य पेत्र याचं पहिलं पत्र उघडा. ते कुणाला लिहिलंय, ते सुरुवातीलाच सांगितलंय : पंत, गलतिया, कप्पदुकिया, आसिया आणि बिथुनिया इथं पांगलेल्या लोकांना. आजच्या तुर्कस्तानातला हा मुलूख. आजूबाजूचे लोक त्यांच्याविषयी वाईटसाईट बोलत होते. आणि अशाच माणसांना पेत्र दुसऱ्या अध्यायात 'राजकीय याजकगण' म्हणतो (2:9), म्हणजे राजाच्या मानाचे याजक, देवाची सेवा करणारे पुरोहित. लगेच पुढे, अकराव्या वचनात, त्यांनाच 'प्रवासी व परदेशवासी' म्हणतो. म्हणजे परकेपण संपल्यावर हा मान मिळणार होता असं नाही. परके असतानाच तो त्यांचा होता.

तुमच्या मुलाला नुसतं "तू राजपुत्र" म्हणून भागणार नाही, कारण त्या वचनात मानाबरोबर कामही सांगितलंय : ज्यानं अंधारातून बोलावलं त्याचे गुण लोकांना कळवायचे. काम वगळून मान तेवढा सांगितला, तर मूल एक तर अवघडतं नाहीतर इतरांना कमी लेखायला लागतं. दुसरं मला जास्त घातक वाटतं. इस्राएलात राजा वेगळा, याजक वेगळा. धूप जाळणं याजकांचं काम, तरी उज्जीया राजा त्यासाठी मंदिरात शिरला आणि त्याच्या कपाळावर कोड उठलं. ही दोन्ही पदं ख्रिस्तात एकत्र आली, आणि त्या राजानं शिष्यांचे पाय धुतले. आपला मान त्याच्याकडून आलेला आहे, तेव्हा तो त्याच्याच रीतीनं वागवायचा.

म्हणून मुलाला काम द्या. त्याच्याबरोबर निर्गमचा 28वा अध्याय वाचा. इस्राएलाचा पहिला महायाजक अहरोन, त्याच्या दोन्ही खांद्यांवर दोन रत्नं, प्रत्येकावर सहा वंशांची नावं कोरलेली. छातीवरच्या ऊरपटात बारा रत्नं, एकेकावर एकेक नाव. पवित्रस्थानात जाताना तो ही नावं हृदयावर वाहून न्यायचा. याजकपण ते हेच : दुसऱ्यांची नावं देवासमोर नेणं. मुलाला एका वहीत वर्गातली चार-पाच नावं लिहू दे, त्याला टाळणाऱ्या मुलाचंही. रोज एका नावासाठी त्यानं स्वतः प्रार्थना करावी, भाषा त्याला येईल ती. तुम्ही शेजाऱ्यांची, ऑफिसातल्यांची नावं घाला. बाबेलात कैद करून नेलेल्या लोकांनाही यिर्मया संदेष्ट्यानं लिहून कळवलं होतं, ज्या नगरात आहात त्याच्यासाठी प्रार्थना करा (29:7).

एक सांभाळा. पेत्र 'याजकगण' म्हणतो, सुटा याजक नव्हे. घरी प्रार्थना सुरू झाली म्हणून मंडळीत जाणं सोडू नका; जवळची मंडळी दुसऱ्या भाषेची असली तरी जा. बाप्तिस्मा, प्रभुभोजन हे आपापल्या मंडळीच्या शिस्तीनंच व्हावं. जर्मन धर्मसुधारक मार्टिन लूथरनं 1520 साली सगळे विश्वासणारे याजक आहेत असं ठासून मांडलं, तरी उपदेशकाचं पद मोडीत काढलं नाही. कॅथलिक मंडळीही बाप्तिस्मा झालेल्या सर्वांचं याजकपण मानते आणि दीक्षित याजकांची सेवा त्याहून वेगळी धरते. घरच्या प्रार्थनेला मात्र कुणाच्या परवानगीची गरज नाही.

राहिले तुमचे यजमान. त्यांना प्रवचन करायला सांगू नका, त्यानंच माणूस बिचकतो. झोपायच्या आधी मुलाच्या डोक्यावर हात ठेवून त्यांनी बायबलमधला गणना 6:24 ते 26 हा आशीर्वाद एवढाच वाचावा. तीन वचनं आहेत, पाठ नसली तरी चालतील. पहिले काही दिवस मुलगा संकोचेल, तेही संकोचतील. तरी महिनाभर चालू ठेवा आणि मला कळवा.