हिमेजीचा किल्ला पाहताना

जपानमधल्या हिमेजीला प्रथमच जात असाल, तर सकाळी नऊला दरवाजा उघडतानाच आत शिरावे, कारण मुख्य मनोऱ्यातले लाकडी जिने अतिशय उभे व अरुंद आहेत आणि गर्दी वाढली की तिथे क्षणभरही थांबता येत नाही. पादत्राणे काढून पिशवीत घेऊन हिंडावे लागते, म्हणून सामान कमीच ठेवावे. १६०९ साली पूर्ण झालेल्या या मनोऱ्याच्या पांढऱ्याशुभ्र गिलाव्यामुळे कॅमेरा फसतो आणि भिंती करड्या उमटतात; तेव्हा एक्स्पोजर, म्हणजे कॅमेऱ्यात शिरणारा प्रकाश, किंचित वाढवावे, मात्र गिलाव्याचा पोत उडू देऊ नये. माझ्या मते खरे सौंदर्य वाटेवरच्या तटांत आहे: गोल, त्रिकोणी, चौकोनी जंग्यांतून, म्हणजे शत्रूवर मारा करण्यासाठी भिंतीत ठेवलेल्या भोकांतून, पलीकडचे छप्पर अवश्य टिपावे.