तो हट्टी नाही, त्याला ऐकू येत नाहीये

"माझा मुलगा साडेपाच वर्षांचा. हाक मारली तरी वळत नाही, टीव्ही मोठा लावतो. शाळेतल्या बाई म्हणतात, लक्षच नसतं. परवा मी त्याला धपाटा घातला. आता डॉक्टर म्हणतात, दोन्ही कानांच्या पडद्यांमागे पाणी साचलंय, औषध नको, तीन महिन्यांनी दाखवा. सासूबाई म्हणतात डॉक्टर बदल, आणि लसणीचं तेल कोमट करून घालतात. सासऱ्यांचाही एक कान दोन महिने बंद आहे. वयामुळे असेल म्हणतात."
– एक आई, भांडुप

ताई, आधी लेकाला जवळ घ्या आणि सांगा, "तुला ऐकू येत नव्हतं, मला कळलं नाही." साडेपाच वर्षांच्या पोराला एवढं नीट समजतं.

पडद्यामागची पोकळी एका बारीक नळीने नाकाच्या मागच्या भागाला जोडलेली असते. लहानपणी ही नळी आखूड आणि आडवी असते. सर्दीत ती बंद पडली की आत हवा जात नाही आणि पाणी साचतं. ताप नाही, ठणका नाही, म्हणून घरात कुणाला पत्ताच लागत नाही. कानांवर तळवे दाबून ठेवल्यासारखं त्याला ऐकू येतं, तेही रोज सारखं नाही. 'सोयीचं तेवढं बरं ऐकू येतं' हा आरोप त्यातूनच होतो.

तुमचे डॉक्टर बरोबर आहेत. बहुतेक मुलांचं हे पाणी तीन महिन्यांत आपोआप जिरतं. अँटिबायोटिक किंवा सर्दीच्या गोळ्यांनी ते लवकर जात नाही. तेल तर पडद्याच्या अलीकडेच राहतं, ते आजच बंद करा. सासूबाईंना डॉक्टरांकडे सोबत न्या, त्यांच्या तोंडून ऐकलं तर पटेल.

मात्र हे तीन महिने नुसते जाऊ देऊ नका. उद्याच बाईंना भेटून त्याला पहिल्या बाकावर, पंख्याच्या घरघरीपासून लांब बसवायला सांगा. घरी स्वयंपाकघरातून हाका नकोत. टीव्ही बंद करा, समोर बसा, तोंडाकडे बघू दे, मग बोला. घरात कुणी सिगारेट ओढत असेल तर ती थांबलीच पाहिजे. धुराने हा त्रास वाढतो. आणि ऑडिओमेट्री, म्हणजे किती ऐकू येतं याची मोजणी, झाली नसेल तर करून घ्या. वांद्र्याला अली यावर जंग संस्थेत ऐकण्याची तपासणी होते.

तीन महिन्यांनीही पाणी असेल आणि ऐकू कमी येत असेल, तर पडद्यात ग्रोमेट नावाची इवलीशी नळी बसवतात. ती बहुधा सहा महिने ते वर्षभरात आपोआप गळून पडते. तो तोंडाने श्वास घेतो का, घोरतो का, तेही डॉक्टरांना सांगा. अडेनॉइड, म्हणजे नाकाच्या मागचा टॉन्सिलसारखा मांसल भाग, वाढलेले असू शकतात. बोलण्यात मागे पडतोय असं वाटलं, तर तीन महिने थांबूच नका.

सासऱ्यांच्या बाबतीत मात्र अजिबात थांबायचं नाही. मळ असेल, सर्दीनंतरचं पाणीही असेल. पण मोठ्या माणसाच्या एकाच कानात पाणी साचून राहिलं, तर नाकाच्या मागे गाठ नाही ना, हे दुर्बिणीने बघावंच लागतं. बहुतेकदा काही निघत नाही. निघालं तर लवकर कळलेलं बरं. याच आठवड्यात त्यांना कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे न्या.